उपसर्ग नव्हेत, शमाश अक्षरे

इस्रायलात जाऊन स्थायिक झालेल्या आपल्या मंडळींना, तेथे गेल्यावर सर्वांत आधी तोंडी बसलेला हिब्रू शब्द कोणता असे विचारले, तर बहुतेक जण ‘बेसेदेर’ असे सांगतील. ठीक आहे, बरे, चालेल, समजले – सगळ्याला मिळून हे एकच उत्तर. शब्दाची फोड सोपी आहे. ‘सेदेर’ म्हणजे क्रम, व्यवस्था. पेसाहच्या रात्री आपण जो सेदेर करतो तोच हा शब्द. त्याच्या आधी लागलेला ‘बे’ म्हणजे आपला ‘-त’, ‘मध्ये’. व्यवस्थेत आहे, म्हणून ठीक आहे. पण मराठी कानाला हा ‘बे’ फार दिवसांपासून वेगळाच ठाऊक आहे. बेकायदा, बेशिस्त, बेसूर, बेइमान! त्या हिशेबाने ‘बेसेदेर’ म्हणजे ज्यात काही व्यवस्था नाही असा कारभार. म्हातारी माणसे थट्टेने तसे म्हणतही असत.

थट्टा राहू द्या, पण तिच्यामागची अडचण खरी आहे आणि तिचे मूळ आपल्या शिकविण्यात आहे. मराठीतून हिब्रू समजावून देताना शब्दाच्या आधी जे जे लागते त्या सर्वाला सरसकट ‘उपसर्ग’ म्हणण्याची रीत आपल्यात पडली आहे. रविवारच्या वर्गाच्या वह्या पाहा, हौशी मंडळींनी नातवंडांसाठी केलेली टाचणे पाहा: ‘ब’ हा उपसर्ग, अर्थ ‘मध्ये’, ‘ल’ हा उपसर्ग, अर्थ ‘ला’. लिहिणाऱ्यांच्या तळमळीबद्दल मला आदर आहे. त्यांनी वापरलेल्या शब्दाबद्दल मात्र तक्रार आहे, आणि ती नुसती शब्दाची नाही. या एका नावामुळे मराठी माणसाला हिब्रू जितकी सोपी जायला हवी तितकी ती जात नाही.

मराठीत उपसर्ग कशाला म्हणतात? शाळेत सर्वांनी घोकलेले उदाहरण ‘हार’चे: आहार, विहार, प्रहार, संहार, परिहार. मूळ धातू एकच, पण आधीचे अक्षर बदलले की जेवणाचे फिरणे होते आणि फिरण्याचा मार होतो. संस्कृतचे असे उपसर्ग बावीस मानतात. त्यांच्या जोडीला मराठीचे घरचे आहेत: आडनाव, आडवाट यांतला ‘आड’, पडसाद, पडछाया यांतला ‘पड’, भरधाव, भरदुपार यांतला ‘भर’. आणि फारसी-अरबीतून आलेले बे, ना, गैर, ला, बद हेही आता घरचेच झाले आहेत. या सगळ्यांचे काम एक: नवा शब्द घडविणे. वाक्यात तो शब्द कर्ता आहे की कर्म, घरात आहे की घराबाहेर, हे सांगणे उपसर्गाच्या अखत्यारीत येत नाही. ते काम मराठी शब्दाच्या अखेरीस करते: घरात, घराला, घराहून, घरासारखे. मोरो केशव दामले यांच्या १९११ सालच्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’पासून आजच्या शालेय पुस्तकांपर्यंत उपसर्गांचा विचार शब्दसिद्धीत होतो आणि विभक्तीचा वेगळा होतो, तो याच कारणाने. (बोलण्यात उपसर्ग म्हणजे पीडा असाही अर्थ आहे. ‘कुणाला उपसर्ग पोचू नये’ म्हणतात तो. हिब्रूच्या वर्गात बसलेल्यांना तो अर्थ अधिक जवळचा वाटत असेल.)

आता हिब्रूची ती अक्षरे घ्या. ती सात आहेत, आणि लक्षात राहावीत म्हणून जुन्या व्याकरणकारांनी त्यांची दोन नावे गुंफून ठेवली आहेत: ‘मोशे वेखालेव’, मोशे आणि कालेब. मेम, शीन, हे, वाव, काफ, लामेद, बेथ. यांपैकी बेथ म्हणजे आपला ‘-त’ किंवा ‘-ने’, लामेद म्हणजे ‘-ला’ किंवा ‘-साठी’, मेम म्हणजे ‘-हून’, काफ म्हणजे ‘-सारखा’. वाव म्हणजे ‘आणि’, शीन म्हणजे ‘जो’ किंवा ‘की’. राहिली ‘हे’. ती इंग्रजी ‘द’सारखी; तिला मराठीत जोडच नाही. यांतले एकही अक्षर नवा शब्द घडवीत नाही. जी चाकरी मराठीत विभक्तीचे प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये शब्दाच्या शेवटी उभी राहून करतात, तीच ही अक्षरे शब्दाच्या दारात उभी राहून करतात.

तोराचा पहिलाच शब्द पाहिला म्हणजे हे स्पष्ट होईल. ‘बेरेशीथ’: ‘रेशीथ’ म्हणजे आरंभ, आधीचा बेथ म्हणजे ‘मध्ये’. मराठी भाषांतरात त्याजागी ‘प्रारंभी’ हा शब्द रूढ आहे, आणि भाषांतर चोख आहे. पण ज्या मुलाला ‘बेथ हा उपसर्ग’ असे शिकविले आहे ते काय करील? तेही मराठी शब्दात उपसर्ग शोधील, तो त्याला लगेच सापडेल – ‘प्र’ – आणि ‘प्र’ची जोडी ते बेथशी लावून मोकळे होईल. खरी जोडी तर दुसऱ्या टोकाला आहे. हिब्रूचा बेथ मराठीत आला तो शेवटची ‘ई’ होऊन, सप्तमीची ‘ई’. ‘प्र’चा आणि त्याचा काही संबंध नाही.

लामेदची गोष्ट तर आणखी गोड आहे. मराठीचा ‘ला’ आणि हिब्रूचा ‘ले’ यांचा नात्याने काही संबंध नाही, निव्वळ योगायोग. पण मुलांना शिकविताना हा योगायोग सोडू नये. शेवटचा ‘ला’ उचलून आधी ठेवा म्हणजे झाले. शिवाय हिब्रूत ‘माझ्याजवळ असणे’ या अर्थाचे स्वतंत्र क्रियापद नाही. ‘येश ली शने आखीम’ म्हणजे शब्दशः ‘आहेत मला दोन भाऊ’. मराठी माणूस नेमके असेच बोलतो: मला दोन भाऊ आहेत. इंग्रजीतून हिब्रू शिकणाऱ्याला येथे थांबावे लागते, वाक्य उलटून घ्यावे लागते. मराठीतून शिकणाऱ्याला थांबण्याचे कारणच नाही. पण आमची मुले मराठी घरातली असून इंग्रजी पुस्तकातून शिकतात, आधी मराठीचे इंग्रजी करतात, मग इंग्रजीचे हिब्रू. हातात असलेला सोपा रस्ता सोडून वळसा घालण्याचा हा प्रकार आहे, आणि ‘उपसर्ग’ या नावाने तो सोपा रस्ता दिसेनासा होतो.

हा घोळ काही हिब्रूपुरता नाही. अलिबाग, रोहा, मुरूड, श्रीवर्धन या ज्या टापूतून आपली कुटुंबे इस्रायलला गेली, त्याच टापूतून आपले हिंदू-मुसलमान शेजारी पोटापाण्यासाठी आखाती देशांत गेले. तेथे त्यांना हिब्रूची सख्खी बहीण भेटली, अरबी. माझ्या ओळखीच्या, आपल्याच किनाऱ्यावरच्या एक बाई कुवेतमध्ये रुमैथिया येथे राहतात. सालमिया आणि सलवा यांच्या शेजारची ही निवासी वस्ती. बाई पूर्वी मराठी शिकवीत, त्यामुळे पाटी दिसली की वाचायची ही सवय. त्यांनी मला फोनवर असे विचारले की, येथे अरबी पाटीवर आधी ‘अल्’ लिहिलेले असते, इंग्रजीत पुष्कळदा नुसते रुमैथिया, आणि माणसे म्हणतात ‘अर्रुमैथिया’. मग तो ‘अल्’मधला ‘ल्’ जातो कुठे?

जातो कुठेच नाही, शेजाऱ्यात मिसळतो. अरबीच्या अठ्ठावीस अक्षरांपैकी चौदा सूर्याक्षरे आणि चौदा चंद्राक्षरे. सूर्याक्षर पुढे आले की ‘अल्’चा ‘ल्’ त्याच्यासारखा होतो: अर्रुमैथिया, अस्सालमिया. चंद्राक्षरापुढे तो जसाच्या तसा राहतो: अल्जाबिरिया, अल्कुवेत. सलवाला तर ‘अल्’ मुळातच नाही. आमच्याकडे ठाण्याच्या मशिदीचे नाव ‘शाआर हाशमाईम’, स्वर्गाचे द्वार, १८७९ सालची ती वास्तू. त्यातला ‘हा’ हा अरबी ‘अल्’चाच हिब्रू भाऊ. जुन्या उच्चारात त्याच्यानंतरचा ‘श’ दुहेरी होता, ‘हश्शामाईम’ असा. आणि मुंबईच्या १७९६ च्या ‘शाआर हारहामीम’मध्ये ‘र’ला असे दुहेरी होणे मानवत नाही म्हणून त्याऐवजी ‘हा’ लांबतो. रुमैथियाच्या पाटीवरचे कोडे आणि आपल्या मशिदीच्या दारावरचे नाव हे असे एकाच घराण्यातले आहेत.

बाईंनी पाठविलेल्या एका छायाचित्रात इमारतीवर ‘लिल्-ईजार’ अशी पाटी होती: भाड्याने देणे आहे. ‘लि’ म्हणजे ‘-साठी’, मग ‘अल्’, मग ‘ईजार’. लिहिताना मात्र ‘अल्’चा अलिफ गळून जातो आणि दोन ‘ल’ शेजारी शेजारी उभे राहतात. हिब्रूत याहून पुढची पायरी आहे. ‘ले’ आणि ‘हा’ भेटले की ‘हा’चे अक्षरच नाहीसे होते, मागे फक्त ‘ला’ असा स्वर उरतो. ‘लेबायिथ’ म्हणजे कोण्या एका घराला, ‘लाबायिथ’ म्हणजे त्या ठरावीक घराला. आणि स्वरचिन्हे न देता छापलेल्या वर्तमानपत्रात दोन्ही अगदी एकसारखे दिसतात. मराठीत ‘हा’ला जोड नसल्याने हा फरक आपल्या कानावरून सहज निसटून जातो. बेथ आणि लामेद मराठी माणसाला सोपे, ‘हे’ अवघड. मास्तरांनी वेळ घालवायचा तर तो येथे घालवावा.

तर मग हिब्रू-अरबीत खरे उपसर्ग नाहीतच काय? आहेत, आणि जेथे आपण ते म्हणत नाही तेथे आहेत. कुवेतमध्ये स्वयंपाकघराला ‘मतबख’ म्हणतात, इस्रायलात ‘मितबाख’. रांधणे या अर्थाच्या धातूच्या आधी ‘म’ लागला आणि रांधण्याची जागा तयार झाली. मिश्कान, मिकदाश, मिग्दाल या सर्वांत हाच ‘म’ आहे. हा शब्द घडवितो, म्हणून हा खरा उपसर्ग. आता ‘स्वयंपाकघरातून’ असे हिब्रूत म्हणायचे आहे: ‘मेहामितबाख’. पहिला ‘मे’ म्हणजे ‘-ऊन’, मग ‘हा’, मग ‘मितबाख’चा आपला ‘मि’. दोन ‘म’, पण जात वेगळी. पहिला चाकर, आज या शब्दाच्या दारात, उद्या त्या शब्दाच्या. दुसरा घरचा, कायमचा. दोघांनाही उपसर्ग म्हणणाऱ्याने हे मुलाला कसे समजावून द्यावे?

गंमत अशी की हा ‘म’ मराठीला मुळीच नवा नाही. पूर्वी राजवाड्यातल्या स्वयंपाकघराला ‘मुदपाकखाना’ म्हणत. तो ‘मुदपाक’ म्हणजे हाच मतबख. मराठी जिभेने त्यात ‘पाक’ ऐकला आणि शब्दाला घरचा करून टाकला. आपण सिनेगॉगला ज्या शब्दाने ओळखत आलो तो ‘मशीद’ हा शब्दही ‘म’ लावूनच झाला आहे, नमन करण्याची जागा. ‘मुबारक’ आणि हिब्रू ‘मेवोराख’ हेही ‘म’ लागलेलेच शब्द, आणि त्यांच्या पोटात ‘बारूख’चाच धातू आहे. चाकर अक्षरेसुद्धा मराठीत येऊन बसली आहेत, फक्त गोठलेल्या अवस्थेत. ‘बिलकूल’ फोडा: ‘बि’, ‘अल्’, ‘कुल’. यांतला ‘बि’ म्हणजे आपला बेथ आणि ‘कुल’ म्हणजे हिब्रूचा ‘कोल’, सर्व. ‘वगैरे’ फोडा: ‘व’ म्हणजे आणि, ‘गैर’ म्हणजे इतर, शेवटी ‘त्याचे’ हे सर्वनाम, ‘आणि त्याहून इतर’. ‘गैरहजर’मधला ‘गैर’ तो हाच. ‘अलबत्ता’मध्ये ‘अल्’ आहे. जी कोळीण बाजारात ‘बिलकूल नाही’ म्हणते, तिच्या तोंडी दोन सेमिटिक अक्षरे बसली आहेत आणि तिला त्यांचा काही भार नाही.

परक्या भाषेत गेल्यावर अशा अक्षरांचे काय होईल याला नियम नाही. आमची शर्करा फारसीतून अरबीत जाऊन ‘सुक्कर’ झाली, तेथून स्पेनला गेली ती अरबी ‘अल्’ बरोबर घेऊन, म्हणून स्पॅनिशमध्ये साखरेला ‘असूकार’ म्हणतात. त्यातला ‘अ’ हा मिसळून गेलेला ‘अस्’. याच्या नेमके उलट पूर्व आफ्रिकेत घडले. तेथील स्वाहिली भाषा वस्तूंची जात आणि वचन शब्दाच्या आरंभी दाखविते: ‘की’ असला तर एक, ‘वी’ असला तर अनेक. अरबी ‘किताब’ तेथे पोचला. त्यातला ‘कि’ मूळ धातूचा, पण स्वाहिली कानाला तो आपलाच ‘की’ वाटला. एक पुस्तक ‘किताबू’, तर अनेक पुस्तके ‘विताबू’! अरबी पंडिताच्या अंगावर काटा येईल, पण स्वाहिली व्याकरणाप्रमाणे ते अगदी बरोबर आहे.

माझ्या म्हणण्यावर एक आक्षेप येऊ शकतो आणि तो वजनदार आहे. मराठी ज्यांना उपसर्ग म्हणते त्यांतले फारसी ‘बे’ आणि ‘दर’ हे फारसीत स्वतंत्र शब्दयोगीच होते. ‘बे’ म्हणजे वाचून, ‘दर’ म्हणजे मध्ये. मग हिब्रूचा ‘बे’ उपसर्ग म्हटला तर बिघडले कोठे? संस्कृतचे उपसर्गसुद्धा वेदकाळी क्रियापदापासून सुटे फिरत असत. हे सर्व खरे. मुळात ही सगळी अक्षरे कधीतरी सुटी होती, आणि मेम तर ‘मिन’ या अजून वापरात असलेल्या शब्दाचेच आखूड रूप आहे. पण प्रश्न मूळ काय होते हा नाही. मराठीत आज ‘बे’ कोणत्याही शब्दाला लावता येत नाही. ‘बेइमान’ होते, ‘बेझाड’ होत नाही. हिब्रूचा ‘बे’ मात्र झाडाला, घराला, रेवदंड्याला, कुणालाही लागतो, जसा आपला ‘-त’ लागतो. ही कसोटी लावली की कोण कुठल्या पंगतीत बसतो ते कळते.

क्रियापदांविषयी थोडक्यात सांगतो. भविष्यकाळी हिब्रू कर्त्याची खूणही आधीच लावते: एख्तोव (मी लिहीन), तिख्तोव (तू लिहिशील), यिख्तोव (तो लिहील), निख्तोव (आम्ही लिहू). अलेफ, ताव, योद, नून, हीच चार अक्षरे अरबीतही हेच काम करतात. भूतकाळी मात्र दोन्ही भाषा खूण शेवटी नेतात: हालाख्ती, हालाख्ता, हालाख, आणि मराठीत गेलो, गेलास, गेला. तेव्हा हिब्रूला शब्दाची शेपटी वर्ज्य आहे असे समजू नये. ‘घराकडे’ याला तर ती ‘हाबाय्ता’ म्हणते. तेथे दिशा दाखविणारा ‘आ’ अगदी मराठीसारखा अखेरीस आहे.

शिकणाऱ्याचा खरा घात शब्दकोशात होतो. ‘वेशेबाबायिथ’ असा शब्द समोर आला, कोशात वावखाली शोधला, सापडत नाही. एकेक चाकर बाजूला करावा लागतो: ‘वे’ आणि, ‘शे’ जे, ‘बा’ त्या -त, उरले ‘बायिथ’. ‘आणि जे घरात आहे ते’. मग सोलण्याची इतकी सवय लागते की मूळ अक्षरही सोलले जाते. घरावर ‘लेमेखिरा’ अशी विक्रीची पाटी असते. त्यात ‘ले’ चाकर, पण ‘मेखिरा’चा ‘मे’ धातूचा आहे, तो काढला तर हाती काही राहत नाही. बेथ एल आणि बेने इस्राएल यांतला ‘बे’ही असाच घरचा. लाडूतला ‘ला’ काढून ‘डू’चा अर्थ कोशात शोधण्यापैकी ते होईल.

हिब्रूत या अक्षरांना ‘ओथियोथ हाशिमुश’ म्हणतात, सेवेची अक्षरे. ‘शिमुश’ आणि आपला ‘शमाश’ यांचा धातू एकच. मशिदीत शमाश काय करतो ते आपल्याकडे पोरासोरांनाही ठाऊक आहे, आणि हानुक्काच्या दिव्यांतला शमाशही. म्हणून मराठीतून शिकविताना यांना ‘शमाश अक्षरे’ म्हणावे आणि ‘उपसर्ग’ हा शब्द मितबाखच्या ‘म’साठी राखून ठेवावा अशी माझी सूचना आहे. दुसरी सूचना छापणाऱ्यांसाठी. जॉन विल्सन यांनी १८३२ साली मुंबईत मराठीतून हिब्रू व्याकरण काढले, १८४६ साली मराठी भाषांतरासह हागादा निघाला, आणि तेव्हापासून हिब्रू आणि मराठी एका पानावर नांदत आहेत. आता नव्या पिढीसाठी हिब्रू प्रार्थना देवनागरीत उतरविल्या जातात, त्यांत शमाश अक्षरानंतर एक लहानशी आडवी रेघ द्यावी: बे-रेशीथ, ला-बायिथ, शाआर हा-शमाईम. प्रार्थना म्हणताना ती रेघ कोणाला आडवी येणार नाही, आणि अर्थ शोधणाऱ्याला कोश कोणत्या अक्षरावर उघडायचा ते कळेल.